पांढरे पडलेले पल्ले

दिवाळी जवळ आली की माझं डोकं फिरायला लागतं. घराघरातून साफसफाई निघते आणि बाया लाकडी कपाटांवर अशा तुटून पडतात की त्या बिचाऱ्या कपाटांनी यांचं काय घोडं मारलं ते कळत नाही. धुण्याचा सोडा, चुलीतली राख, लिंबाची सालं, नारळाची शेंडी, उकळतं पाणी, जे हाताला लागेल ते. दोन दिवसांनी माझ्या दारात माणूस हजर. "भाऊ, चमक गेली जी, येऊन पाहा जरा." अहो, चमक आपल्या पायानं गेली नाही. तुम्ही ती घासून नालीत सोडली.

आता माझा हात थरथरतो, मी काम सोडलं आहे. तरी लोक विचारायला येतातच. यंदा आमच्या वॉर्डातल्या मंडळानं दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि मला सांगितलं, स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं पॉलिश न बिघडवता कशी साफ करावीत ते अर्ध्या पानात लिहून द्या. अर्ध्या पानात खरं तर मावतं. त्यात तीनच गोष्टी आहेत. पण ज्यांना मी पूर्वी सांगितलं आहे ते हा अंक वाचून म्हणतील, हा तर आम्हाला चार गोष्टी सांगत होता. आणि ते खरं आहे. पंधरा-सोळा वर्षं मी चार सांगत होतो. चौथी कुठून आली आणि कुठं गेली हे सांगायचं तर अर्धं पान पुरत नाही.

आधी धंदा काय ते सांगतो. चपडा म्हणजे लाख. आमच्या बाजूच्या जंगलात पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर एक बारीक किडा ती तयार करतो. जंगलातले लोक ती खरवडून बाजारात आणतात, गोंदियाकडे ती वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, फडक्यातून गाळून घ्यायचा, कापसाच्या गादीवर मलमल गुंडाळायची, ती त्यात भिजवायची आणि लाकडावर फिरवत राहायची. स्पिरिट उडून जातं, लाख मागं राहते. एक हात झाला की सुकू द्यायचं, पुन्हा दुसरा हात. असे दहा-पंधरा हात दिले की सागवान आतून उजळल्यासारखं दिसायला लागतं. एवढं करून त्या थराची जाडी नखाएवढीही नसते. तेवढ्याशा थरावर माझं पोट होतं.

हा थर फार नाजूक प्रकृतीचा. गरम पाणी लागलं की पांढरा पडतो. सोडा लागला की विरघळतो. ओलं फडकं वर राहिलं तर डाग धरतो. आणि आपल्याकडे स्वयंपाकघरात या तिन्ही गोष्टी रोजच्या. शिवाय चुलीचा धूर, फोडणीचं तेल, कणकेचे हात. एक शाळामास्तर होते, त्यांनी भांडी ठेवायचं कपाट पाण्याच्या पितळी गुंडासारखं राख-लिंबानं घासलं. लाकूड पांढरं फटक निघालं तेव्हा मला बोलावून म्हणाले, "आता कसं नवं दिसून राह्यलं, याच्यावरच चमक मारून द्या." एका दुकानदाराच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कपाटाला चमक यावी म्हणून तूप चोळलं. लक्ष्मीच्या आधी मुंग्या आल्या. मुंग्या मराव्यात म्हणून त्यांनी कसली तरी पावडर टाकली, ती तुपाला चिकटली, आणि ते सगळं खरवडायला मी. खरवडताना घरातली प्रत्येक बाई मला येऊन सांगत होती की तूप घालायची कल्पना तिची नव्हती.

हे सगळे हौसेनं चुकणारे लोक. त्यांच्यावर चिडलो तरी घरी येताना हसू यायचं. ज्या घराबद्दल सांगायचं आहे तिथं तसं नव्हतं.

मी मूळचा कटंगीकडचा. नागपूरला दीक्षा झाली त्या साली आमच्या घरातले देव निघाले आणि बुद्धाची तसबीर आली. त्याच सुमारास मी बालाघाटला आलो. काम शिकवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी बद्री उस्तादांनी ठेवून घेतलं. ते गोंदियाहून येऊन इथं पॉलिशचं दुकान चालवत, हिंदीत बोलत आणि कमी बोलत. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच अट घातली. त्यांच्याकडचा आधीचा माणूस पॉलिशचं स्पिरिट पिऊन मेला होता. ते विषारी असतं, पण ज्याला चटक लागली तो ऐकतो थोडाच. उस्ताद म्हणाले, "जिस दिन तेरे मुँह से स्पिरिट की बू आई, उस दिन दुकान का रास्ता भूल जाना." मी आयुष्यात त्याचा थेंब तोंडात घेतला नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यावरूनच सगळं झालं.

गावात एक लाकडाचे ठेकेदार होते. मोठं घर, मागं अंगण, अंगणात गोठा. कर्ती होती ठेकेदारांची आई, तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. ठेकेदारांचं लग्न झालं, सून नागपूरची आली, वत्सलाबाई. तिनं नवऱ्याला सांगून स्वयंपाकघरातल्या भिंतीत सागवानी कपाटं बसवून घेतली. त्या काळी आमच्याकडे ही नवलाईच होती. जाळीचं सुटं कपाट असायचं, नाहीतर भिंतीतला कोनाडा. भिंतीत पक्की बसवलेली चौकट, आत फळ्या आणि वर चार पल्ले, म्हणजे कपाटाची दारं, असं पाहायला शेजारच्या बाया यायच्या.

हे काम मोतीराम सुताराच्या दुकानात झालं. चौकट, फळ्या, पल्ले सगळं तिथंच तयार झालं आणि पॉलिश करायला उस्तादांनी मला तिथं पाठवलं. एक दिवस ठेकेदार बायकोला घेऊन रंग पाहायला आले. मी फळीवर तीन छटा करून ठेवल्या होत्या. वत्सलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरत मधल्या छटेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा. मधासारखा." तेवढंच. मग मोतीरामनं सगळं नेऊन भिंतीत बसवलं. मोठ्या बाईंच्या लेखी कपाट सुतारानं केलं होतं, म्हणजे सगळंच सुतारानं केलं होतं. पॉलिशला वेगळा माणूस लागतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वर्षभर ते कपाट छान राहिलं. दिवाळीच्या आधी पल्ल्यांवर धूर आणि तेल बसलं म्हणून मोतीरामला बोलावलं. तो म्हणाला, हे माझं काम नाही, पॉलिशवाला बोलवा. असा मी त्या घरी पहिल्यांदा गेलो. मागच्या दारानं, अंगणात. स्वयंपाकघरात जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो मीही काढला नाही. मोतीरामनं आत जाऊन बिजागऱ्या सोडल्या, चारही पल्ले अंगणात आणून ठेवले. चौकट भिंतीतच राहिली. मी विचारलं, "चौकट कशी हाये?" तो म्हणाला, "आरशावानी. आंदर धूर लागत नाई ना."

मी रिठ्याच्या पाण्यानं पल्ले हलकेच साफ केले, सुकवले, वर दोन-तीन पातळ हात दिले. म्हटलं, दोन दिवस सुकू द्या, मग लावा. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पल्ले पांढरे पडले. जाऊन पाहतो तर खरंच. सगळीकडे दुधाचा हात फिरवल्यासारखे पांढुरके ढग, खालच्या कडेला तर लाख सोलून निघालेली. मी चक्रावलो. म्हटलं, हवेत ओल असेल. ओल्या हवेत असं होतं कधी कधी. पुन्हा घासून पुन्हा पॉलिश केलं. पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच.

लाख पांढरी पडायचं अजून एक कारण असतं. स्पिरिटमध्ये पाणी मिसळलं असेल तर पडते. हे ज्ञान गावात कोणी पोहोचवलं देव जाणे, पण ते मोठ्या बाईंपर्यंत पोहोचलं. दुसऱ्या वेळी मी अंगणात उभा होतो आणि त्या ओसरीवरून, दोन शेजारणी आणि गाईचं दूध काढणारा गवळी यांच्यादेखत, म्हणाल्या,

"मले समजते सारं. स्पिरिट तू पितं अन् बाटलीत पाणी भरतं."

"नाई जी, मोठ्या बाई. मी हात नाई लावत त्याले."

"मंग हे काय होय? लाकूड सोताच्या मनानं पांढरं झालं का?"

मला उत्तर देता येईना, कारण खरंच माहीत नव्हतं. आणि गप्प बसणारा माणूस लोकांना गुन्हेगारच वाटतो. संध्याकाळपर्यंत गोष्ट उस्तादांच्या दुकानात गेली. उस्तादांनी मला समोर उभं केलं, जवळ आले आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. तीन वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी. वास आला नाही, तरी त्यांनी स्पिरिटची बाटली पेटीत घातली आणि कुलूप लावलं. "एक बार और सफ़ेद हुआ, तो कल से मत आना," म्हणाले. मी म्हटलं, "उस्ताद, एकच बाटली हाये. त्याच बाटलीनं इथली खुर्ची केली, ते पाहा." खुर्ची चकचकीत होती. उस्तादांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली कमरेला खोचली. गावात पॉलिशचं दुकान एकच होतं. ते सुटलं असतं तर मला परत गावी जाऊन दुसऱ्यांच्या धानात रोपं लावावी लागली असती.

तिसऱ्यांदा मी उस्तादांनी मोजून दिलेल्या स्पिरिटनं काम केलं. ऊन कडक होतं. वारा कोरडा. प्रत्येक हातानंतर नीट सुकू दिलं. एक लहान फळीही त्याच पॉलिशनं करून दुकानात ठेवली, पुराव्याला. पल्ले ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवले आणि घरी आलो. झोप लागली नाही असं लिहिणार नाही, लागली, पण सकाळी उठल्यावर पहिला विचार पल्ल्यांचाच.

आणि सकाळी लक्षात आलं की माझं मलमलचं बोचकं अंगणातच राहिलं. ते आणायला गेलो. मागचं फाटक उघडंच होतं.

अंगणात चारही पल्ले दगडावर आडवे घातले होते. शेजारी तांब्याच्या बंबातलं वाफा निघणारं पाणी बादलीत ओतलेलं. मोठ्या बाई पदर खोचून बसल्या होत्या. एका भांड्यात गोमूत्र, दुसऱ्यात राख. त्यांनी गोमूत्र शिंपडलं, चांगलं ओंजळभर, मग राख घेऊन नारळाच्या शेंडीनं पल्ला घासला, आणि मग वरून तांब्यानं ते गरम पाणी ओतलं. माझ्या डोळ्यांदेखत लाख पांढरी झाली.

मी फाटकातून ओरडलोच. "मोठ्या बाई, हे काय करून राह्यले तुमी?"

त्या दचकल्याही नाहीत. "काय म्हंजे? धुवून राह्यली. तुह्या हातचे पल्ले तसेच चुलीजवळ लावू का?"

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भाजी धुऊन घ्यावी लागते तशा साध्या आवाजात बोलल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन वेळा काम फुकट गेलं होतं, गावभर दारुड्या ठरलो होतो, उस्तादांनी तोंडाचा वास घेतला होता, आणि कारण हे. दाराशी वत्सलाबाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

मला त्या वेळी दोन गोष्टी बोलायच्या होत्या. एक होती ती माणसाची. आम्ही आता ते राहिलो नाही, बाई, आणि तेव्हाही नव्हतो. दुसरी होती पॉलिशवाल्याची. माझ्या तोंडून दुसरी निघाली.

"मोठ्या बाई, गरम पान्यानं लाख मरते जी. अन् गोमूत्र तं तिले खाऊनच टाकते. म्हून पांढरं होऊन राह्यलं हे. मी स्पिरिट पितो म्हून नाई."

त्यांनी पल्ल्याकडे पाहिलं. बाई हुशार होत्या, लगेच समजल्या. "मंग कसं करू सांग. नाई धुतलं तं मले चालत नाई. धुतलं तं तुले चालत नाई."

आणि मी सांगितलं. त्यांच्या अंगणात, हात जोडून नाही पण जवळजवळ तसाच उभा राहून सांगितलं. पल्ले आधी कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मग रिठ्याचं कोमट नाही, थंड पाणी घ्या, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं एकेक वीत पुसत जा. मग लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. आणि शेवटी तुम्हाला जे काय शिंपडायचं ते दोन थेंब फडक्यावर शिंपडा, पल्ल्यावर नाही, आणि ते फडकं एकदा फिरवून लगेच पुन्हा कोरडं करा. असं केलं तर तुमचंही होईल आणि पॉलिशही राहील.

"दोन थेंबानं होते का?" त्यांनी विचारलं.

"होते जी," मी म्हणालो. मी. मी सांगितलं की होतं.

पल्ले पुन्हा घासले. चौथ्यांदा पॉलिश केलं. या वेळी पांढरे पडले नाहीत. दिवाळी झाली, होळी झाली, पल्ले जसेच्या तसे. उस्तादांनी एक दिवस पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. गावात काय बोललं गेलं ते ऐका. गावात बोललं गेलं की पॉलिशवाल्यानं स्पिरिट पिणं सोडलं, आता काम चांगलं करतो. आजही एखादा जुना माणूस मला म्हणतो, "तू पिणं सोडलं थे बरं केलं, भाऊ." सुरू कधी केलं होतं हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही.

मोतीरामला मी गाठलं. प्रत्येक वेळी धुतलेले पल्ले बिजागऱ्यांवर चढवायला तोच जात होता. "तुले ठावं होतं ना?"

"हौ."

"काहून नाई सांगतलं मले?"

"मले वाटलं तुले ठावं असन. तू इचारलंच नाई ना कधी." आणि रंधा मारायला लागला. त्याच्यावर चिडून तरी काय करायचं.

घरी सुगंधाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं झालं, काम वाचलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"त्यायनं तुमाले धुवून काढलं," ती म्हणाली, "अन् तुमी त्यायले साबन देऊन आले?"

मी म्हटलं, पॉलिश वाचवायचं होतं. ती म्हणाली, "हौ, पॉलिश वाचलं." पुढं आठ दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं. तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि दुकान सुटलं असतं तर तिनंही धानातच जायचं होतं, हेही कळत होतं. दोन्ही एकदम कळून काही उपयोग होत नाही.

यापुढं मी सावध झालो. म्हटलं, ज्या घरात मला अंगणात बसवतात त्या घरात मागून काय चालतं कोणास ठाऊक. मग काम झालं की मी स्वतःहूनच सांगायला लागलो. कोरडं, ओलसर, कोरडं, आणि चौथं, शिंपडायचं असेल तर दोन थेंब फडक्यावर आणि लगेच पुसून घ्या. काही घरच्या बाया खाली मान घालायच्या. काही म्हणायच्या, आम्ही तसलं काही करत नाही हो. मी म्हणायचो, असू द्या, करत असाल तर. माझं एकही काम पुन्हा पांढरं पडलं नाही. हट्टा गावापासून लांजीपर्यंत माझं नाव झालं. बाया एकमेकींना रीत सांगायच्या आणि त्यात चौथी गोष्टही सांगायच्या, जणू लाखेलाच ती लागते. चौथी लाखेसाठी नव्हती, हे हळूहळू सगळे विसरले. खरं सांगायचं तर मीही.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची गोष्ट. उस्ताद गोंदियाला परत गेले होते, दुकान माझ्याकडे आलं होतं. ठेकेदारांच्या घरून निरोप आला, कपाट पाहून जा. मोठ्या बाई त्याच वर्षी गेल्या होत्या. मी सवयीनं मागच्या फाटकाकडे वळलो, तर वत्सलाबाई समोरच्या दारात उभ्या. केस पांढरे व्हायला लागले होते. म्हणाल्या, "भाऊ, इकडून या नं. कपाट भिंतीत आहे, ते अंगणात कसं येणार?"

पंधरा वर्षांत मी ते स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिलं. चूल गेली होती, ओट्यावर गॅस आला होता. पल्ले ठीक होते, कडांना जरा मळ. मी एक पल्ला उघडला. आत चौकट आणि फळ्या होत्या, ज्यांना मी मोतीरामच्या दुकानात पॉलिश केलं होतं आणि त्यानंतर कधीच पाहिलं नव्हतं. कोणी घासलं नव्हतं, कोणी धुतलं नव्हतं. मधासारखा रंग, जसा दिला तसा. वर लोणच्याच्या बरण्या, तुपाचं भांडं, देवाच्या नैवेद्याची वाटी ठेवलेली.

वत्सलाबाई म्हणाल्या, "हे तुमच्याच हातचं आहे. मी दुकानात पाहिलं होतं तुम्हाला करताना."

"मोठ्या बाईले..."

"नाही. त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मी नाही सांगितलं."

मला आधी बरं वाटलं आणि मग एकदम राग आला. इतक्या वर्षांचा साचलेला. मी म्हणालो, "बाई, तुमाले सारं मालूम होतं. पल्ले धुऊन राह्यले थेबी मालूम होतं. मले दारुड्या म्हणत होते तवा एक शब्द बोलल्या असत्या तं?"

त्या म्हणाल्या, "बोलले असते तर चौकटही भिंतीतून काढून धुतली असती. आणि मी नवी होते, भाऊ. मला भीती वाटत होती. तुमच्यासाठी नाही गप्प बसले. माझ्यासाठीच."

खरं बोलल्या, म्हणून मी विषय तिथंच सोडला. काम केलं. पल्ले बिजागऱ्यांवरच राहू दिले, आतच उभा राहून साफ केले, हात दिला. जाताना त्यांनी विचारलं, "आता साफ कसं करत जायचं, पुन्हा एकदा नीट सांगा. मुलीला पण सांगते."

मी हात पुसत सांगायला लागलो. सगळ्या घरी सांगायचो तसं, न थांबता. कोरडं फडकं. मग रिठ्याच्या पाण्याचं घट्ट पिळलेलं, रेषेच्या दिशेनं. मग लगेच कोरडं. "अन् शेवटी दोन थेंब फडक्यावर शिंपडून..."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ते चौथं आमच्या घरी सासूबाईंबरोबर गेलं. तुम्ही अजून सांगता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. मागं कपाट उघडं होतं. मला कोणी सांगायला लावलं नव्हतं. मोठ्या बाई नव्हत्या, उस्ताद नव्हते, बाटली कुलपात नव्हती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून, माझ्याच तोंडानं, माझाच हात पुसून टाकायला सांगत होतो. "सवय हो, बाई," एवढंच बोललो आणि समोरच्या दारानं निघालो.

घरी सुगंधाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. या वेळी ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "मंग आतापासून किती सांगसान?"

"तीन."

तेव्हापासून तीनच सांगतो. ज्यांना आधी चार सांगितल्या त्यांच्यासाठी इथं छापून देतो आहे. आधी मऊ कोरडं फडकं. मग रिठ्याच्या थंड पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, एकेक वीत, लाकडाच्या रेषेनं. मग लगेच, थांबू नका, कोरडं. सोडा नको, राख नको, लिंबू नको, गरम पाणी तर अजिबात नको. पुसून कोरडं झालं की काम झालं. त्याच्यापुढं काही शिंपडायचं नाही. ती गोष्ट मी शिकवली होती, मीच परत घेतो.